आठवा पाय

काचवाल्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आणि घर दुकानाच्या डोक्यावर. वर जायचा जिना दुकानातूनच. खाली काच कापली जात असली की वरच्या खोलीत सगळं ऐकू येई. आधी हिऱ्याच्या कलमाची बारीक किर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टक्. तो मधला क्षण खरा, असं काचवाला म्हणायचा. रेघ मारली की काच आतून तुटलेलीच असते, हातांना ते नंतर कळतं.

त्याच्या बायकोने हा आवाज लग्नापासून ऐकला होता. ती मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. समोरच्या पट्ट्यावरून मोजे वाहत यायचे. ती दोन उचलायची, ताणायची, उजेडाकडे धरायची. लांबी, टाचेची शिवण, रंगाची छटा जुळली तर जोडी. नाही जुळली तर उलट्या हाताने बाजूच्या टोपलीत. बघायचीसुद्धा नाही. हाताची मागची बाजू लागली की तो मोजा गेलाच.

सवय घरी आली होती. नासका टोमॅटो, धाकट्या बहिणीने पसंत केलेला पडदा, नवऱ्याचा शिळा विनोद, सगळ्याला तोच उलटा हात.

"आपली जोडी कुणी तपासून लावली गं?" काचवाला विचारायचा.

"त्या दिवशी तपासनीस रजेवर होती," ती म्हणायची.

मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं बोलून झालेले होते. एकमेकांना चिडवत म्हातारं व्हायचं एवढाच बेत उरला होता, आणि तो काही वाईट नव्हता.

एका सकाळी पट्ट्यापाशीच, हातात मोजा धरलेला असताना, ती खुर्चीतून कलंडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा खिडकीपाशी पलंग लावला होता. ती छताकडे बघत पडून राहिली. डावा हात धड होता, पण तोही चादरीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला असे. त्याला काही हवंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "डोळे उघडे आहेत म्हणजे बघतायत असं नाही. आत किती कळतंय ते सांगता येत नाही. आशा ठेवा, पण फार ठेवू नका."

काचवाल्याला हे जमेना. काच दोन सूत कमी कापता येते. आशा कशी कापायची?

त्याने कारखान्यातून सुट्या मोज्यांची पिशवी मागून आणली. व्यायाम करून घेणारी बाई एक दिवसाआड यायची, ती ते मोजे तिच्या डाव्या हाताशी पसरायची. "चला ताई, जोड्या लावा बघू." हात हलला नाही. बाई जाताना मोजे पुन्हा पिशवीत भरायची, आणि काचवाला जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ते बघायचा.

रविवारी मेहुणी यायची. बायकोची धाकटी बहीण, तोंडाने फाटकी, हाताने मायाळू. बहिणीला आंघोळ घालायची, केस विंचरायची, आणि विंचरता विंचरता भाऊजींची हजेरी घ्यायची.

"भाऊजी, तुमचं तोंड बघा आरशात. एवढे आरसे आहेत दुकानात."

"ते गिऱ्हाइकांसाठी आहेत."

"मग गिऱ्हाइकं पळून जातील."

अशा दिवसांत टाकीवाला दुकानात आला. हा बाजाराच्या मागच्या बाजूला माशांच्या काचेच्या टाक्या विकायचा, आणि आतल्या खोलीत असले प्राणी ठेवायचा जे बघून बायका दुकानाबाहेर पळत. टाकीच्या काचा कापून घ्यायला तो नेहमी यायचा. त्या दिवशी त्याच्या काखेत एक बरणी होती. झाकणाला भोकं, तळाशी ओलसर भुसा, आणि भुशावर मुठीएवढा केसाळ कोळी.

"हा काय प्रकार?"

"टॅरेंटुला. आणि हा नाही काका, ही. मादी आहे. दुकानात रंगकाम काढलंय, वासाने मरेल. दोन दिवस ठेवा ना तुमच्याकडे."

"माझ्याकडे काचेचा बारीक चुरा उडतो. हिच्या डोळ्यात जाईल."

"मग वर ठेवा. चावत नाही ती. तिला स्वतःचाच त्रास पुष्कळ आहे. मागच्या खेपेला कात टाकताना एक पाय अडकला, तिनेच तोडून टाकला. आता सात पायांचा माल घेणार कोण?"

काचवाल्याने बरणी वर नेली आणि पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली, कारण खोलीत दुसरी मोकळी जागाच नव्हती. मग तो चहा करायला आत गेला. बाहेर आला तेव्हा कोळी बरणीच्या भिंतीवर चढत होती. एक पाय उचलून काचेला लावायची, थांबायची, दुसरा उचलायची. आणि बायकोचे डोळे छतावर नव्हते. बरणीवर होते.

त्याने कप खाली ठेवला. बरणी उचलून हळूच डावीकडे नेली. डोळे डावीकडे. उजवीकडे नेली. डोळे उजवीकडे.

तो पलंगाला टेकून जमिनीवर बसला. चहावर साय धरली तरी उठला नाही.

दोन दिवसांनी टाकीवाला बरणी न्यायला आला तर काचवाला म्हणाला, "राहू दे." टाकीवाल्याने वर बघितलं, जिन्याकडे, आणि रिकाम्या हाताने परत गेला.

काचवाल्याने तिच्यासाठी घर बांधलं. निवडून काच घेतली, कडा घासून घासून मेणासारख्या केल्या, सांधे असे भरले की बोट फिरवलं तर कळू नये. छातीएवढं उंच केलं. टाकीवाला बघायला आला आणि डोकं धरून बसला.

"काका, एवढ्या उंचावरून पडली तर पोट फुटेल तिचं. जमिनीवरची बाई आहे ती. बंगला कसला बांधताय? बैठं घर बांधा."

मग बैठं घर बांधलं. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, कोपऱ्यात आडवा अर्धा माठ, पाण्याला बाटलीचं झाकण. ते पलंगाच्या डाव्या अंगाला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलं. टाकीवाला तिला 'लंगडी' म्हणायचा. तो शब्द काचवाल्याला त्या खोलीत नको होता. त्याने तिचं नाव 'बाईसाहेब' ठेवलं.

"बाईसाहेब जेवल्या का?" मेहुणी रविवारी कुत्सितपणे विचारायची. "माझ्या बहिणीच्या उशाशी विंचूकाट्याचं दुकान मांडलंत तुम्ही."

"विंचू नाही अजून," काचवाला म्हणायचा. "येईल."

विंचू आला नाही, पण बाकी पुष्कळ आलं. नवशिक्याची हौस अशीच असते, एका बरणीला दुसऱ्या बरणीची सोबत लागते. आधी काडीकिडे आले. ते पानांत बसले की दिसायचेच नाहीत, आणि काचवाला बायकोला म्हणायचा, "ओळख, किती आहेत?" मग शेकडो पायांचा एक जाडजूड पैसा किडा, हात लावला की वेटोळं करणारा. मग गोगलगायी. पहिल्या दोन मेल्या, कारण त्याने बरणी उन्हात ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही. हात लावला की गोळी होणारे राखाडी किडे तर त्याने स्वतःच कुंडीखालून उचलले, फुकटचे, आणि मोठा शोध लागल्यासारखा टाकीवाल्याला दाखवायला गेला. टाकीवाला म्हणाला, "ठेवा काका, घाण खातात. गरिबांचे झाडूवाले." दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून बरण्या, पेट्या, फळ्या होत गेल्या. भिंत भरली.

बाईसाहेबांच्या जेवणाला रातकिडे लागायचे. ते डब्यातून निसटायचे आणि स्वयंपाकघरात कपाटामागे बसून ओरडायचे. शेजारचे म्हणाले, तुमच्याकडे एवढा आवाज कसला? काचवाला म्हणाला, "आमच्याकडे बोलणारे तेवढेच आहेत."

दुपारी दुकान मिटवून तो वर यायचा, खुर्ची पलंगाशी ओढायचा आणि फोनवर वाचायचा. जगभरात असले प्राणी पाळणारे लोक कुठेकुठे लिहीत असतात. तो अडखळत वाचायचा आणि बायकोला आपल्या भाषेत सांगायचा. तिचा उजवा हात त्याच्या हातात असे. मऊ, गार, वजनाला जास्त.

"हे ऐक. तुटलेला पाय परत येतो म्हणतायत. कात टाकली की येतो. जुनं कातडं उतरवायचं, आतून नवी निघायची, पायासकट." तो तिचा हात दाबायचा. "पण एकदम पुरता नाही येत हं. पहिल्या खेपेला बारीक असतो, आखूड, जरा फिकट. मग पुढच्या कातीला भरतो, त्याच्या पुढच्या कातीला जोडीच्या पायासारखा होतो. घाई करायची नाही. ऐकलंस ना? पहिल्या खेपेला बारीक."

हे त्याने किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. लोक स्तोत्र म्हणतात तसं ते झालं होतं. मधेच काचेकडे बोट करायचा: "पहिली, दुसरी, चौथी जोडी पुरी, तिसरी फुटकी. तुझ्या टोपलीतला माल आहे बघ. मी परत उचलून आणलाय."

तिचे डोळे काचेवर असायचे. एवढंच.

डॉक्टरांना त्याने हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, भले गृहस्थ होते. "हलणाऱ्या वस्तूमागे डोळे जातात. तान्ह्या बाळाचेही जातात. त्याचा अर्थ लावत बसू नका, स्वतःला त्रास होईल."

अर्थ लावू नका म्हटलं की माणूस दुसरं काही करत नाही. काही दिवस त्याला वाटायचं, ती आत आहे, पूर्ण आहे, जोड्या मोजतेय. काही दिवस वाटायचं, रिकाम्या घराच्या खिडकीत ऊन पडलं की काच चमकते, तसं आहे हे. आत कुणी दिवा लावलेला नाही. एका गोष्टीवर त्याचा जीव टांगलेला होता: ती आहे की नाही? बोलू नको, उठू नको, पण आहेस का तेवढं सांग.

एका रविवारी मेहुणीने विषय काढला. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ती चादरी घड्या करत होती.

"भाऊजी, एक जागा बघितली मी. चोवीस तास माणसं असतात. स्वच्छ आहे. तुम्ही किती दिवस असं करणार? तुमचं वय बघा, जिना बघा."

"बघू."

"बघू नका, ऐका. तिला तिथे काय आणि इथे काय. तिला काय कळतंय?"

काचवाला त्या दिवशी थकला होता. सकाळी एक मोठी काच हातातून सुटली होती, अंगठा कापला होता. चहाचा कप हातात धरून, पलंगापासून वीतभर अंतरावर, तो म्हणाला, "ती गेलीच आहे गं. मला कळत नाही का? मी नुसतं अंथरूण सांभाळतोय."

मेहुणीने डोळे पुसले. चादरीची घडी घातली. काचेत बाईसाहेब पाण्याच्या झाकणाशी बसल्या होत्या, आणि पलंगावरचे डोळे तिकडेच होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईसाहेबांनी जेवण सोडलं. रातकिडा समोरून गेला तरी पाय उचलेनात. पोट ताणलं, मागचा केस गेलेला भाग काळा पडला. माठाच्या तोंडावर त्यांनी पांढरी जाळी विणली, दारावर पडदा लावावा तशी.

"कात टाकणार," टाकीवाला म्हणाला. "आता हात लावायचा नाही, त्रास द्यायचा नाही. आणि काका, आत किडा ठेवायचा नाही. खात नसेल तर लगेच काढून घ्यायचा. विसरू नका."

काचवाला वर आला तो दोन पायऱ्या एकदम चढत. "अगं, पाय येणार! आला म्हणून समज." त्याने बायकोचा उजवा हात उचलून तिच्याच डोळ्यांसमोर धरला. "एकेकाने यायचं. आधी तिचा, मग तुझा. बारीक आला तरी चालेल."

वाट बघणं लांबत गेलं. माठातून काही हालचाल नाही. त्याला झोप येईना. बायको पण हल्ली कमी जेवायची, चमच्याने भरवलेलं ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं, तेव्हा तो वाटी झाकून उशाशी ठेवायचा, न जाणो थोड्या वेळाने घेईल. ती कधी घ्यायची, कधी नाही. एका संध्याकाळी त्याने तसंच काचेत एक रातकिडा सोडला. चांगला भरलेला, मोठा. टाकीवाल्याने सांगितलेलं आठवत होतं. पण एवढे दिवस उपाशी असलेला जीव, कात टाकून बाहेर आला आणि भूक लागली तर? एकच तर आहे. असू दे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मेहुणी बहिणीला चाकाच्या खुर्चीवरून न्हाणीघरात घेऊन गेली. काचवाला झाकण उचलून वाकला. जाळी फाटलेली होती. बाईसाहेब माठाच्या तोंडाशी उताण्या पडल्या होत्या, अर्ध्या जुन्या कातडीत, अर्ध्या बाहेर. कातीतून निघालेला कोळी दुधावरच्या सायीसारखा मऊ असतो, त्याचे दातही मऊच असतात, पळता येत नाही. रातकिडा त्यांच्या पोटावर बसला होता आणि खात होता. सावकाश, पंगतीला बसल्यासारखा.

एका बाजूला, चारांच्या रांगेत, एक बारीक फिकट पाय निघाला होता. बोटाच्या नखासारखा फिकट. आला होता.

न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मेहुणी बहिणीशी बोलत होती, "मान वर कर बाई, हं, शहाणी."

काचवाल्याने रातकिडा चिमटीत धरला आणि चिरडला. मग काचेवर जाड कापड टाकलं. त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा तो म्हणाला, "कात टाकतेय. अंधार हवा तिला. कुणी उघडायचं नाही." आवाज सरळ आला. काचेच्या धंद्यात हात थरथरू न देण्याची सवय असते, ती आवाजालाही लागते.

दुपारी तो टाकीवाल्याकडे गेला.

"आत किडा होता?" टाकीवाल्याने विचारलं.

"एकच. भूक लागली तर असावा म्हणून."

टाकीवाल्याने हातातली जाळी खाली ठेवली. मग म्हणाला, "माणसाला जेवण झाकून ठेवतात तसं ठेवलंत तुम्ही, काका."

"अशीच दुसरी आहे का तुझ्याकडे? हुबेहूब?"

"आहे. सख्खी बहीण म्हणा. पण हिला आठही पाय आहेत."

"तेच तर हवंय. कात टाकली, पाय आला. झालं."

"काका, नवा पाय असा नसतो. बारीक असतो. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," काचवाला म्हणाला. "तिला काय कळतंय?"

बोलून झाल्यावर तो जरा थांबला, बहुतेक स्वतःच्याच शब्दांना दचकून. पण बरणी उचलली.

जुन्या बाईसाहेबांना त्याने दुकानाच्या मागे, मातीत पुरलं. नवीला वर नेऊन कापडाखालीच काचेत सोडलं. दोन दिवस कापड तसंच ठेवलं, खरं वाटावं म्हणून. मग एका दुपारी, खिडकीतून चांगला उजेड येत असताना, त्याने बायकोच्या पाठीशी उशा लावून तिला टेकवून बसवलं, डावा हात काचेच्या बाजूला सरळ करून ठेवला आणि कापड ओढलं.

"बघ. बघ, कोण आलंय. आला पाय! म्हटलं होतं की नाही?"

कोळी भुशावरून चालली. जुन्या बाईसाहेबांपेक्षा जरा भराभर, पण तेवढं कुणाच्या लक्षात येणार? काचेला पाय लावून ती उभी राहिली, पोट आणि आठ पाय उजेडाकडे करून. मोजा उजेडाकडे धरतात तशी.

बायकोचे डोळे काचेवर आले. थांबले. मग सरकले, पुढच्या पायाकडून समोरच्या पायाकडे, परत, दुसऱ्या जोडीकडे, परत, तिसऱ्या जोडीकडे. तिथे थांबले. डावा, उजवा. डावा, उजवा.

आणि तिचा हात हलला.

आजारपणापासून कधी न हललेला तो डावा हात चादरीवरून उठला. दोन बोटं उंच. काचवाल्याच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हे. तो खुर्चीवरून उठला, जिन्याकडे धावला, तिथून खाली कुणीच नसलेल्या दुकानात ओरडला, "हात हलला! हात हलला रे!" आणि परत आला तेव्हा हात हवेत थरथरत काचेपर्यंत पोहोचला होता.

तेव्हा त्याला दिसलं, कोणती बाजू काचेला लागली होती.

हाताची मागची. बोटांची पेरं काचेला टेकली होती आणि ती जोर लावत होती, बाजूला, टोपलीकडे. काच जड होती, हलली नाही. हात तेवढ्याने दमला आणि चादरीवर पडला.

खाली रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. काचवाला उभा होता. रेघ मारून झालेली होती, आता नुसतं हातांना कळायचं होतं.

मग कळलं. ती होती. सगळा वेळ होती. तो वाचायचा ते ऐकत होती, पहिल्या खेपेला बारीक, हे तिला पाठ होतं. जोड्या रोज तपासत होती. आणि कान त्याच पलंगावर होते, जिथे डोळे होते. तिला काय कळतंय. गेलीच आहे गं. मी नुसतं अंथरूण सांभाळतोय. एकेक शब्द तिने ऐकला होता, वीतभर अंतरावरून, आणि तिला मान वळवता आली नव्हती.

"मेली गं," तो म्हणाला. "माझ्यामुळे मेली. मीच किडा ठेवला आत. पाय आला होता तिला. खरंच आला होता, बारीक. मी बघितला. ही दुसरी आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं. काचेवरून डोळे उचलून थेट त्याच्याकडे, जसं पूर्वी बघायची, तो काही लपवतोय असं वाटलं की. तो त्या नजरेसाठी एवढे दिवस देवाला नवस बोलला नव्हता एवढंच, बाकी सगळं केलं होतं. आता ती नजर त्याच्यावर होती आणि त्याला ती सोसवेना.

"तू ऐकलंस का मी काय म्हणालो होतो? त्या दिवशी?"

तिने डोळे मिटले.

पुढच्या रविवारी त्याने मेहुणीला जिन्यातच गाठलं. "वर काही बोलू नकोस. तिला सगळं कळतं."

"काय कळतं?"

"सगळं."

मेहुणीचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली, पर्स मांडीवर धरून. "भाऊजी, मी काय काय बोलले हो. त्या जागेबद्दल. तिच्या अंगाच्या वासाबद्दलसुद्धा बोलले." मग वर जाऊन ती बहिणीचे पाय धरून रडली. पलंगावरच्या डोळ्यांनी छत सोडलं नाही.

डॉक्टरांना त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झटका असेल, हात आपोआप उचलला जातो कधीकधी. काचवाल्याने वाद घातला नाही. आपोआप हलणाऱ्या हाताची बाजू कोणती असते, हे त्याने विचारलं नाही.

व्यायामवाली बाई मोजे पसरत राहिली. हात पुन्हा उठला नाही. डोळे पुन्हा काचेकडे गेले नाहीत, कोळीकडे नाही, पानं हलवणाऱ्या काडीकिड्यांकडेही नाही. काचवाल्याने मग एकेक पेटी खाली दुकानात नेली. भिंत परत भिंत झाली. दुपारी तो खुर्ची ओढून बसायचा, पण वाचायचा नाही. सांगायचा. खरं खरं सांगायचा, बारीकसारीक. आज दूध उतू गेलं. आज एका गिऱ्हाइकाची काच मी दोन सूत कमी कापली आणि खिडकीच्या चौकटीलाच दोष दिला. तुझी आई गेली तेव्हा तू रडत होतीस आणि मला भूक लागली होती. कसलंही खोटं तिच्या पलंगाजवळ त्याने पुन्हा येऊ दिलं नाही. ती ऐकत होती हे त्याला आता माहीत होतं. उत्तर देत नव्हती, एवढंच.

पानगळीच्या दिवसांत, खाली तो एका दाराची काच बसवत असताना, ती गेली. तो वर आला तेव्हा वाटी झाकलेली तशीच होती.

मेहुणी अजूनही कधीमधी रविवारी येते, सवयीने. दुकानात स्टुलावर बसते, पेट्यांकडे बघते आणि म्हणते, "वास येतो हो भाऊजी." तो म्हणतो, "येतो." काडीकिड्यांना पिल्लं झाली, त्यातली निम्मी टाकीवाला घेऊन गेला. नवा माणूस दुकानात आला की घाबरतो, मग विचारतो, चावतो का? काचवाला सांगतो, चावत नाही.

त्या दुसऱ्या कोळीला त्याने नाव ठेवलं नाही. तिने गेल्या आठवड्यात कात टाकली. काचवाल्याने आधीच सगळे किडे काढून घेतले होते, दोनदा तपासून. सकाळी बघितलं तर ती कोपऱ्यात ओली, नवी बसली होती आणि शेजारी तिचं रिकामं कातडं पडलं होतं, पुरतं, प्रत्येक केसासकट. त्याने चिमट्याने ते उचललं, पाण्याचे दोन थेंब टाकून मऊ केलं आणि काच कापायच्या मेजावर, स्वच्छ पुसलेल्या काचेवर पसरलं. पाय एकेक करून सरळ केले. समोरासमोर लावले. लांबी बघितली, रंग बघितला. चार जोड्या, पुऱ्या.

मग ती काच त्याने उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिला, कुणीतरी बघून सांगेल म्हणून.